खळ्यातली सुरत

मी एक खाट बोलतेय. ब्राह्मणपुरीच्या छगन पाटलांच्या ओट्यावरची. शहादा तालुक्यातून जाताना भर दुपारी तुम्ही कधी दणदणीत घोरणं ऐकलं असेल, तर ते बहुतेक माझ्याच अंगावरून आलेलं होतं. घोरायचा छगन, पण येणाराजाणारा बघायचा माझ्याकडे. एवढी वर्षं ते सहन केलंय मी.

माझे पाय बाभळीचे, चौकट सागाची आणि वीण सुती दोरीची. छगनच्या वडिलांनी मला घरच्या झाडांतून करून घेतलं, तेव्हा छगन पाळण्यात होता. म्हणून मी त्याला अरेतुरे करते. गावात तो पाटील असेल, मला त्याच्या लाळेपासून सगळं माहीत आहे.

खाटेचं आयुष्य ते काय, असं तुम्हाला वाटत असेल. लोक येतात, पडतात, उठतात, दोरी सैल झाली की पायथ्याकडून ताणून घेतात. पण या घरात मला मान होता. घरात कुठलाही मोठा निर्णय असला की खाट टाकून पाहायची रीत होती. नदीकडचं शेत घ्यायचं होतं, तेव्हा छगनच्या वडिलांनी मला बैलगाडीत घालून त्या शेताच्या बांधावर नेलं, माझ्यावर आडवे झाले आणि डोळे मिटले. झोप लागली. उठून म्हणाले, "आठे झोप ऊनी, ते शेत आपलं." माती, पाणी, सातबारा, सगळं नंतर.

वडील गेल्यावर हे काम छगनकडे आलं. बोअर कुठे मारायची, पपई कुठल्या तुकड्यात लावायची, सगळं त्याने माझ्यावर झोपून ठरवलं. थोरल्या लेकीचं, गायत्रीचं लग्न ठरत होतं, तेव्हा तर मला ट्रॅक्टरमध्ये टाकून मुलाच्या गावी नेलं. त्या लोकांनी पोहे, बैठक, सगळी तयारी केलेली. हा गडी चहा पिऊन त्यांच्या अंगणात मला टाकून झोपला तो चार वाजता उठला आणि म्हणाला, "स्थळ चांगलं शे." गायत्री सुखात आहे. तेव्हापासून माझ्याविषयी कुणी शंका घेतली नाही.

या प्रत्येक ठिकाणी रंजनाबाईही असायची, छगनची बायको. ती माझ्यावर कधी बसली नाही. पुरुष माणूस खाटेवर, तर बाईमाणूस खाली, माझ्या पायाशी. हातात काहीतरी निवडणं, सोलणं चालू. शेतात गेलो तरी ती खाली, पाहुण्यांकडे गेलो तरी खाली. मीही तिच्याकडे फार लक्ष दिलं नाही. खाटेला वजनाचीच माणसं कळतात.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सुरत आमच्या घरात शिरली.

छगनचा मुलगा ललित सुरतेला कापड मार्केटमध्ये हिशेबाचं काम करतो. त्याची बायको मयूरी शहाद्याची, ती तिथे अडाजणला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. मयूरीला दिवस गेले होते. बाळ झाल्यावर ते सांभाळायला घरचं कुणी आलं, तर तिची नोकरी राहणार, नाहीतर सोडावी लागणार. घरचं कुणी म्हणजे रंजनाबाईच. आणि भाड्याच्या एका खोलीत हे सगळं मावणार नव्हतं, म्हणून घर घ्यायचं ठरलं.

दोन घरं ललितच्या नजरेत होती. एक दिंडोलीला. तिथून उधना स्टेशन जवळ, आपल्याकडची गाडी तिथे थांबते, शेजारीपाजारी सगळे खान्देशातले, ललितचं मार्केटही आवाक्यात. पण मयूरीला रोज बसने शहर ओलांडून नदीपलीकडे जावं लागणार. दुसरं पालला, तापीच्या पलीकडच्या काठाला. तिथे रुंद रस्ते, झाडं, मयूरीचा दवाखाना हाकेच्या अंतरावर. पण ललितचा जातायेता तास-तास रस्त्यात जाणार आणि घरही लहान येणार.

ललित सुट्टी काढून गावी आला. "आबा, एकदाव सुरत चाला. दोन्ही घरं दखी ल्या."

पपईची तोड चालू होती. छगन म्हणाला, "मी कसाले येऊ? तूच ली ये ती घरं आठे."

ललित हसला. छगन हसला नाही. मग ललितला कळलं की बाप खरंच सांगतोय.

दुसऱ्या दिवशी ललित शहाद्याहून चुन्याच्या फक्कीचं पोतं घेऊन आला. घरामागच्या खळ्यात त्याने मोबाइलवर नकाशा बघत बघत दोन्ही घरं आखली, खऱ्या मापाने. पूर्वेला दिंडोली, पश्चिमेला पाल. हॉल, स्वयंपाकघर, झोपायची खोली, बाल्कनी. मधून शेताला पाणी जाणारा पाट होता, ती तापी. त्यावर फळी टाकली, तो पूल.

छगन कमरेवर हात ठेवून बघत होता. "तापी तठे व्हाई ऱ्हायनी, आनि तू माले हाऊ पाट दखाडस?"

"समजी ल्या, आबा."

तिथवर ठीक होतं. पण ललितच्या तोंडून निघून गेलं की बिल्डर जे माप सांगतो त्यात जिना, लिफ्ट, खालचा बगीचा यातलाही आपला वाटा धरलेला असतो. छगनचे कान टवकारले. "मंग मन्हा हिस्साना जिना कोठे शे? काढ तो बी." ललितने जिन्याचा वाटा काढला. मग लिफ्टचा, मग बगीच्याचा. पालच्या इमारतीत पोहण्याचा तलाव होता, त्यातला आपला वाटा निघाला पाण्याच्या टाकीएवढा, तोही काढला. एवढं सगळं खळ्यात मावेना, म्हणून पाल शेजारच्या बन्सीलालच्या गोठ्याला जाऊन टेकलं.

प्रवासाचंही तसंच. सुरतेत बससाठी वेगळा रस्ता असतो, असं ललितने सांगितल्यावर खळ्याला वळसा घालून दोन रेघा मारल्या. आमच्याकडे ट्रॅक्टर चालवणारा दोधू, त्याला सांगितलं की तू बस. दिंडोलीच्या थांब्यावरून निघायचं, पाटावरून तर जाता येणार नाही, तेव्हा गावाला फेरी मारून पालला यायचं. दोधूने विचारलं, "थांबू कितला?" ललित म्हणाला, माणसं चढेपर्यंत. छगन म्हणाला, "शहरमा कोनी थांबत नही." मग दोधू थांबेनासा झाला. पहिल्याच दिवशी दोन बाया धावत्या ट्रॉलीमागे ओरडत गेल्या आणि सगळ्यांना वाटलं, आता हुबेहूब जमलं.

गावाला हा प्रकार फार आवडला. लोक काम सोडून खळ्यात येऊ लागले. बायांना पालचं स्वयंपाकघर बघायचं होतं. त्यात उभ्या राहून त्या म्हणायच्या, ओटा उजवीकडे हवा होता. दोधू दिंडोलीच्या हॉलमध्ये बसून भाकरी खायचा, कारण तिथे हवा चांगली येते म्हणे. अहो, चारी बाजूंनी उघडं खळं! पण तो पालमध्ये बसायचा नाही. तिथे कोंडल्यासारखं होतं, असं शपथेवर सांगायचा.

बन्सीलालने तर कमालच केली. त्याच्या गोठ्यातून पाट दिसायचा, आजवर कुणी त्याबद्दल बोललं नव्हतं. आता तो येईल त्याला सांगू लागला, "मन्हा गोठाथीन आते नदी दिखास." त्याच्याकडे ज्याच्या म्हशी बांधायला असायच्या, त्या माणसाला त्याने सांगितलं की दिंडोलीकडे जागा बघ, इथलं तुला परवडणार नाही. तो बिचारा खरंच म्हशी घेऊन पूर्वेकडे गेला.

आणि नियम! छगन एकदा पाळायला लागला की पाळतो. दारातूनच आत यायचं. एक दिवस रंजनाबाई चहा घेऊन सरळ आली, तर हा केवढ्यांदा ओरडला, "भिंतमाईन काबर ऊनीस तू? दरवाजा तठे शे ना!" ती बिचारी कप घेऊन मागे फिरली, इमारतीला वळसा घातला, छगनच्या हिश्शाचा जिना चढली आणि दारातून आत आली. चहा निवला होता. तो नुसताच गिळत छगन म्हणाला, लिफ्टनं यायचं होतं. मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

शेवटी माझी वेळ आली. मला दिंडोलीत आणलं, हॉलमध्ये टाकलं. गाव रेघांबाहेर उभं. छगनने टोपी काढली, आडवा झाला, आणि त्याच्या नाकातून आवाज निघाला. लोकांनी माना डोलावल्या. दिंडोली पक्की.

दुसऱ्या दिवशी मला पालमध्ये नेलं. तिथेही तो आडवा झाला आणि तिथेही घोरला. लोकांची पंचाईत झाली. ललितने विचारलं, "मंग कोनतं?" छगन म्हणाला, "दोन्ही चांगलं शेतस."

मग मला पुलावर टाकलं. तिथे झोपला. बसथांब्यावर टाकलं, झोपला. ट्रॉलीत चढवून दिंडोली ते पाल नेलं, हा खड्ड्यांमधून उसळत झोपला, आणि पाल आलं तरी उठला नाही म्हणून तसाच दिंडोलीला परत आला. पोहण्याच्या तलावातल्या आपल्या वाट्यातसुद्धा झोपला. माझ्या इभ्रतीचा प्रश्न होता. शेत निवडणारी, जावई निवडणारी मी, आणि मला दोन फ्लॅटमधला फरक सांगता येईना. रविवारी ललितची सुट्टी संपत होती आणि बिल्डर फोनवर फोन करत होता.

त्या संध्याकाळी मयूरीचा व्हिडिओ कॉल आला. ललितने तिला खळं फिरवून दाखवलं. ही आपली बाल्कनी, हा आपला जिना. ती बघत राहिली. तिचा चेहरा सुजला होता, दवाखान्यातून नुकतीच उभ्याने बसचा प्रवास करून आली होती. मग म्हणाली, "आईले इचारं का कोनी? ऱ्हावानं ते त्यास्ले शे."



"तिले काय इचारानं?" छगन म्हणाला. "मी झोपी दखं ना."

मयूरीने ऐकलं नाही. फोन आईंकडे द्या म्हणाली. रंजनाबाई माझ्या पायाशी बसून लसूण सोलत होती. ललितने फोन तिच्यासमोर धरला. लोक तिला म्हणाले, आता तू झोपून बघ. तिने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मला तिचा चेहरा असा समोरून पहिल्यांदाच दिसला.

"माले झोपानं नही," ती म्हणाली. "माले जाईसन दखानं शे."

सगळे हसले. छगन सगळ्यात जास्त हसला. ही बाई नंदुरबारलासुद्धा कुणी सोबत असल्याशिवाय गेली नव्हती. "जा की," तो म्हणाला, "बस शेच आपली. सकाय जा आनि पालथीन फिरी ये."

सकाळी रंजनाबाई लग्नाकार्याची साडी नेसून आली. हातात पिशवी, पायात नव्या चपला. दिंडोलीच्या दारातून बाहेर पडली, जिना उतरली, थांब्यावर जाऊन उभी राहिली. छगन माझ्यावर पडल्या पडल्या गंमत बघत होता. ट्रॉली आली. त्या दिवशी तिच्यात पपई भरलेली होती, फेरी झाली की दोधू ती शहाद्याच्या व्यापाऱ्याकडे नेणार होता. दोधूने तिच्यासाठी मात्र गाडी थांबवली. ती पपईच्या शेजारी जाऊन बसली.

गावाला फेरी मारून ट्रॉली पालच्या थांब्यावर आली. तोवर छगनचा डोळा लागला होता. मी जागी होते, मी ऐकलं.

"माय, पाल ऊनं. उतर."

"मन्हं नही ऊनं," रंजनाबाई म्हणाली. "चालू दे."

दोधूने जरा वेळ मागे वळून पाहिलं आणि गियर टाकला. ट्रॉली चुन्याच्या रेघा ओलांडून रस्त्याला लागली.

छगन उठला तो चहासाठी. हाक मारली. चहा आला नाही. आधी त्याने दिंडोलीतल्या खोल्या बघितल्या, बाथरूमच्या रेघांशी थांबून खोकला आणि मग आत डोकावला. मग पूल ओलांडून पालला गेला. बन्सीलालला विचारलं, तो म्हणाला, इथे उतरली नाही, मी नदीकडेच बघत होतो. दुपारी दोधू रिकामी ट्रॉली घेऊन परत आला.

"माय शहादाले उतरनी," तो म्हणाला. "नंदुरबारनी यष्टीमा बठनी."

"आनि तू उतरू दिन्हं?"

"बसवाला कोनले इचारस का, कोठे जाई ऱ्हायनात म्हनीसन?" दोधू म्हणाला.

ललितने फोन लावले. रंजनाबाईचा फोन घरातच फळीवर वाजत होता. छगन खळ्यात फेऱ्या मारू लागला. रेघा तुडवल्या, भिंतीतून आत, भिंतीतून बाहेर, नियम राहिला नाही. घाबरला होता तो. ती कुठे उतरेल, कुणाला विचारेल, तिला तिकीट तरी काढता येतं का, हे त्याला ठाऊक नव्हतं. एवढ्या संसारात कधी बघायची वेळच आली नव्हती.

दिवेलागणीनंतर मयूरीच्या नंबरवरून फोन आला. पलीकडून रंजनाबाई बोलली, "पोचनी मी. चहा लिन्हा का तुम्ही?"

छगनने टोपी काढून हातात घेतली. तो माझ्या कडेला बसला. सगळं वजन एकदम सोडलं, ते मला दोरीतून कळलं.

विचारत विचारत गाठलेल्या ललितच्या त्या भाड्याच्या खोलीवर ती राहिली आणि तिने घरं बघितली. झोपून नाही, फिरून. सकाळी दिंडोलीहून मयूरीबरोबर बसमध्ये बसून दवाखान्यापर्यंत गेली आणि एकटी परत आली. दुसऱ्या दिवशी पालच्या घरापासून ललितच्या मार्केटला गेली. तिथून येताना चुकली, भलतीकडे उतरली, एका शिंपिणीच्या दुकानात बसून चहा प्याली आणि पुन्हा बस पकडली. रविवारी सकाळी तिने फोन करून सांगितलं, "दिंडोली ल्या. बस तठून सुटस, मयूरीले बसाले जागा भेटस. आनि टेसन जोडे शे. मन्हा मनमा ऊनं का गाडीमा बठसू, नि गावले येसू."

"पन तठे झोप लागस का?" छगनने विचारलं.

"दमीसन पडनं का लागस."

आजवरच्या सगळ्या निर्णयांचं माझं श्रेय त्या एका वाक्यात गेलं. मला राग आला. मग वाटलं, बाई खरं तेच बोलतेय. तिला रोज तशीच तर झोप लागत आली होती.

आता दिंडोलीचं घर झालं. मुलगी झाली, मयूरी कामावर जाते, बसायला जागा मिळते. रंजनाबाई बाळाला घेऊन खाली उतरते, चार बाया जमवते, मधूनच गावी येते आणि दोन दिवसांत परत जाते. तिच्या येण्याजाण्याचं आता कुणाला नवल राहिलं नाही.

नवल झालं ते छगनचं. तो झोपेना. जो पोहण्याच्या तलावात झोपला होता, तो आपल्या ओट्यावर, आपल्या खाटेवर डोळे उघडे ठेवून पडून राहू लागला. कूस बदलायचा, उठून पायथ्याची दोरी ताणायचा, पुन्हा पडायचा. माझ्या पायाशी हात सोडायचा आणि तिथे कुणी नाही म्हणून हात पुन्हा वर घ्यायचा. त्याची झोप माझ्या दोरीत नव्हती, खाली बसून लसूण सोलणाऱ्या बाईत होती. मी खाट आहे, मला हे कळायला हवं होतं.

पपईची शेवटची तोड झाली, त्या संध्याकाळी त्याने उरलेली फक्की काढली. रंजनाबाईला फोन लावून कानाशी धरला आणि ती सांगेल तशी दिंडोली पुन्हा आखू लागला. या वेळी जिना नाही, लिफ्ट नाही, कुणाचा वाटा नाही, फक्त आतली जागा. किती लहान घर हो ते! टीव्ही इथे, मयूरीचं कपाट तिथे, पाळणा खिडकीखाली. मग त्याने मला उचलून हॉलमध्ये ठेवलं. दार उघडेना. मला आडवं केलं, तर स्वयंपाकघर बंद झालं. उभं करून बघितलं, भिंतीला टेकवून बघितलं.

"बसत नही," तो फोनमध्ये म्हणाला.

"खाट ऱ्हाऊ द्या तठेच," ती म्हणाली. "पाळणा नि कपाटना मझार तुमनी जागा शे."

त्याने मला रेघेबाहेर आणून ठेवलं. मग दारातून आत गेला, चपला काढल्या, आणि पाळणा नि कपाट यांच्यामधल्या त्या पट्टीत जमिनीवर आडवा झाला. पाय पोटाशी घ्यावे लागले. मी बाहेरून बघत होते. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? एवढी वर्षं ज्याला उचललं, तो माझ्यासमोर मातीत निजला होता. पण त्याने डोळे मिटले होते.

आज सकाळी दोधूने त्याला शहाद्याला सोडलं. तो यष्टीने नंदुरबारला जाईल आणि तिथून गाडीत बसेल. मी ओट्यावर आहे. मांजर येऊन बसलंय, दोरी सैल झालीय, ताणायला कुणी नाही. त्याचं काही नाही, चालतं.

तुम्हाला एकच विनंती. आज त्या गाडीत असाल, तर पांढरी टोपी, मांडीवर पपईची पिशवी, असा एक म्हातारा शोधा. तिच्याकडे चाललोय म्हटल्यावर तो आता बसल्या जागी गाढ झोपणार, मी ओळखते त्याला. गाडी उधन्याला फार थांबत नाही. त्याला हलवा, नाहीच उठला तर ओरडा. ती फलाटावर उभी आहे.